‘थई जशे’ म्हणणाऱ्याकडे होडी दुरुस्तीला देताना या चुका टाळा

रंग लावलेली होडी ताब्यात घेऊ नका. बाकीच्या चुका निस्तरता येतात, ही सगळ्यात महागात पडते.

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) फायबरग्लासच्या टाक्या करण्यात माझी तीस वर्षं गेली, तरी मी फसलोच. नारेश्वरच्या अलीकडे नर्मदेत माझी सोळा फुटी होडी खडकावर बसली, नाळेखाली, म्हणजे पुढच्या टोकाखाली, वीतभर चीर गेली. किनाऱ्यावरच्या एका यार्डात दिली. ‘थई जशे (होऊन जाईल), साहेब!’ पंधरा दिवसांनी होडी आली ती अशी चकचकीत, की मी तिथल्या तिथे पैसे मोजले. दीड महिन्यात फळीखाली पाणी. दहाच्या नाण्याने बूड ठोकत गेलो. चांगल्या जागी टणटण, दुरुस्तीच्या जागी बद्द. घासून पाहिलं तर रंगाखाली बोटभर जाड लांबी (पुट्टी), तिच्याखाली मॅटचा (काचतंतूंच्या कापडाचा) एकच थर, तोही जुन्या रंगावरच चिकटवलेला. नखाने उचकटला तर पापडासारखा सुटून हातात आला.

तेव्हापासून मी यार्डात तीनदा जातो. चीर घासून झाल्यावर, थर चढल्यावर, आणि लांबी भरण्याआधी. कडा जाडीच्या बारापट तिरकी घासलेली लागते. म्हणजे बूड सहा मिलिमीटरचं असेल तर दोन्हीकडे सात-सात सेंटीमीटर. टेप लावूनच फोटो काढतो. ‘बडोद्याहून तीन खेपा कोण घालणार?’ असं विचारणारे नंतर दुरुस्तीची दुरुस्ती करायला चार खेपा घालतात.

‘लवकर द्या’ म्हणून मागे लागू नका. घाईत हार्डनर, म्हणजे चिकट रेझिन घट्ट करणारं रसायन, वाढवला जातो. पॉलिएस्टर रेझिनला साधारण 1 ते 2 टक्के पुरतो, जास्त झाला तर थर तापून तडकतो.

तोंडी ठरवू नका. किती थर, कोणतं रेझिन, आतूनही मॅट लावणार की नाही, हे सगळं बिलावर लिहून घ्या.

आता भांडणाचं. ‘एक पैसा देणार नाही’ म्हणत होडी ओढून आणायला जाणारे मला दरवर्षी भेटतात. 1872 च्या करार कायद्याचं कलम 170 कारागिराला मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडकवून ठेवू देतं. काम नीट झालं होतं का, हा वाद चालेल, पण तोवर होडी त्याच्याच आवारात ऊन खाईल. म्हणून पैसे टप्प्याटप्प्यानेच द्यावेत. शेवटचा हप्ता द्यावाच लागला तर ‘हरकत राखून’ असं लिहून द्या. होडी स्वतःच्या वापराची असेल तर ग्राहक आयोग आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो तिथेच, म्हणजे बडोद्यातच, तक्रार करता येते. मुदत दोन वर्षं. कामाचे पाच लाखांपर्यंत दिले असतील तर फी नाही.

आणि बिघडलेल्या जागेवर एम-सील थापू नका. पुरावा तुम्हीच बुजवता. मी तो सुटलेला पापड तारीख घालून जपला आणि यार्डवाल्याच्या टेबलावर ठेवला. त्याने तो उलटापालटा करून पाहिला, चहा मागवला, आणि काम फुकट पुन्हा करून दिलं. मी स्टूल टाकून समोर बसलो होतो. रंग मात्र लावू दिला नाही. होडी घरी आणून तो मीच लावला.