एका रुळावरचे चार देश : कोकणातून युरोपच्या रेल्वेप्रवासाची आखणी

युरोपच्या रेल्वेप्रवासाची आखणी करायला बसलेला माणूस बहुधा शहरांच्या यादीपासून सुरुवात करतो आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. पॅरिस, रोम, झुरिच, प्राग अशी नावे एकदा कागदावर उतरली की ती जोडणाऱ्या गाड्या शोधण्यात आठवडे जातात आणि हाती येतो तो निम्मा वेळ डब्यात घालवणारा कार्यक्रम. त्याऐवजी आधी एक लोहमार्ग निवडावा आणि त्या मार्गावर येणारी शहरे पाहावीत. रत्नागिरीहून मडगावला जाताना कणकवली, कुडाळ, सावंतवाडी वाटेत येतात म्हणून आपण तिथे उतरतो. मध्येच घाट चढून कोल्हापूर करून पुन्हा खाली येण्याचा उद्योग कोणी करत नाही. परदेशात गेल्यावर हे साधे व्यवहारज्ञान का सुटते, हे मला उमगलेले नाही. मीही पहिल्या खेपेस नऊ दिवसांत सहा शहरे बसवली होती आणि त्या प्रवासातले मला आज स्पष्ट आठवते ते म्हणजे बॅगा उचलून चढलेले जिने.

एका शहरातून दुसऱ्या शहरात जाण्याला गाडीचा वेळ तीन तासांचा असला तरी प्रत्यक्षात अर्धा दिवस लागतो. खोली सोडणे, स्थानक गाठणे, गाडीची वाट पाहणे, नवे ठिकाण शोधणे आणि दुपारी खोलीचा ताबा मिळेपर्यंत सामान सांभाळणे हे सगळे त्या अर्ध्या दिवसात येते. म्हणून कोणत्याही मुख्य शहरात तीनपेक्षा कमी रात्री ठेवू नयेत आणि बारा दिवसांच्या रजेत मुक्काम तीनच शहरांत करावा. वाटेतले एखादे छोटे शहर दिवसभरात पाहून होते.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी प्राग, व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा आणि बुडापेस्ट हा मार्ग सुचवतो. चेक प्रजासत्ताक, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया आणि हंगेरी हे चार शेजारी देश त्यात एका ओळीत येतात. प्रागहून व्हिएन्ना सुमारे चार तासांवर, व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हा साधारण तासाभरावर आणि ब्रातिस्लाव्हाहून बुडापेस्ट सुमारे अडीच तासांवर आहे. प्रागमध्ये तीन, व्हिएन्नात पाच आणि बुडापेस्टमध्ये तीन अशा अकरा रात्री ठेवल्या की प्रवास निवांत होतो. विमानाचे तिकीट मात्र जाताना मुंबई ते प्राग आणि येताना बुडापेस्ट ते मुंबई असे घ्यावे. दुबई आणि दोहा येथून या दोन्ही शहरांना विमाने आहेत आणि एकाच तिकिटावर जाण्याचे व येण्याचे शहर वेगळे ठेवता येते. जाण्यायेण्याचे शहर एकच ठेवले तर शेवटचा संपूर्ण दिवस आल्या वाटेने मागे जाण्यात खर्ची पडतो.

व्हिएन्नाला पाच रात्री देण्यामागे व्हिसाचा हिशेब आहे. हे चारही देश शेंगेन क्षेत्रात असल्यामुळे एकाच व्हिसावर चौघांत फिरता येते, पण अर्ज ज्या देशात आपण सर्वाधिक दिवस राहणार आहोत त्या देशाकडे करावा लागतो. दिवस समान असतील तर ज्या देशातून प्रथम प्रवेश होतो त्याच्याकडे. आखणीत एका देशाचे पारडे स्पष्टपणे जड ठेवले की अर्ज कोणाकडे करायचा हा प्रश्न उरत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो दाखल झालेला असावा लागतो. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, युरोप सोडण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला हवा. किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवासविमा सक्तीचा आहे. प्रौढांसाठी व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो असून अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क वेगळे द्यावे लागते. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावे लागते आणि कोकणातल्या माणसासाठी याचा अर्थ मुंबईची एक फेरी असा होतो. एकदा दिलेले ठसे पुढच्या ५९ महिन्यांतील अर्जांसाठी वापरता येतात, हे पुन्हा जाऊ इच्छिणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

जाण्याचा हंगाम आपल्या कामांप्रमाणे ठरवता येतो. आंबा उतरल्यानंतर आणि मृगाच्या आधी, म्हणजे मेच्या उत्तरार्धात, बागायतदाराच्या हाती वेळ असतो व थोडे पैसेही असतात. त्या काळात मध्य युरोपात दिवस मोठे असतात आणि व्हिएन्नात रात्री साडेआठनंतरही उजेड असतो. दुसरी सोयीची वेळ गणपती विसर्जनानंतर भातकापणीला हात लागण्यापूर्वीची. मेमध्ये जायचे असेल तर व्हिसाची तारीख फेब्रुवारीतच मिळवावी, कारण उन्हाळी सुटीत जाणाऱ्या सगळ्यांची झुंबड त्याच सुमारास उडते.

आता तिकिटे. आपल्याकडे साठ दिवस आधी आरक्षण उघडते, गणपतीच्या गाड्या काही मिनिटांत भरतात, मग प्रतीक्षायादी आणि आरएसी, आणि यादी लागेपर्यंत जिवाला घोर. ही सवय घेऊन युरोपात गेले की माणूस नको तिथे घाबरतो आणि नको तिथे निर्धास्त राहतो. तिकडच्या बहुतेक गाड्यांना प्रतीक्षायादी नसते. तिकीट आणि आसन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट या मार्गावर धावणाऱ्या रेलजेट गाडीचे तिकीट असले की गाडीत चढता येते, मात्र आसन राखून ठेवायचे असेल तर त्याचे थोडे पैसे निराळे द्यावे लागतात. आसन न राखता गेल्यास रिकाम्या जागी बसता येते, फक्त आसनावरच्या पट्टीवर ती जागा पुढच्या कोणत्या स्थानकापासून राखलेली आहे ते वाचून घ्यावे. वडीलधारी माणसे बरोबर असतील तर हे थोडे पैसे वाचवू नयेत. फ्रान्सच्या टीजीव्ही आणि इटलीच्या फ्रेच्यारोसा या अतिजलद गाड्यांना मात्र आसन सक्तीचे आहे, आणि याच प्राग–व्हिएन्ना मार्गावरच्या खाजगी रेजिओजेट गाड्यांनाही.

दरांचे गणित विमानासारखे चालते. तोच डबा, तीच गाडी, पण दोन महिने आधी घेतलेले सवलतीचे तिकीट ऐनवेळच्या तिकिटाच्या निम्म्याहूनही स्वस्त पडू शकते. ही सवलतीची तिकिटे त्या एकाच गाडीला बांधलेली असतात. गाडी चुकली तर तिकीट गेले, आणि रद्द केले तर पैसे बहुधा परत मिळत नाहीत. म्हणून क्रम असा ठेवावा की व्हिसाच्या अर्जासोबत रद्द करता येणारी हॉटेले आणि प्रवासाचा आराखडा द्यावा, आणि सवलतीची रेल्वे-तिकिटे व्हिसा हातात आल्यावरच काढावीत. तिकीट त्या त्या देशाच्या रेल्वेच्या संकेतस्थळावरून काढावे आणि सीमा ओलांडणाऱ्या गाडीचा दर दोन्ही देशांच्या स्थळांवर पडताळावा, कारण एकाच गाडीला दोन ठिकाणी दोन भाव दिसणे नित्याचे आहे. प्रागहून निघणाऱ्या गाडीसाठी मी आधी चेक रेल्वेचे स्थळ पाहतो. युरोपचे वेळापत्रक दरवर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी बदलते, त्यामुळे त्या तारखेनंतरची तिकिटे कधीकधी उशिरा उघडतात. नाताळच्या बाजारांसाठी जाणाऱ्यांनी त्यामुळे अस्वस्थ होऊ नये.

युरेल पासबद्दल सर्वांत जास्त विचारणा होते. युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठी असलेला हा पास ३३ देशांत चालतो, साठीपुढच्यांना दहा टक्के सवलत आहे आणि चार ते अकरा वर्षांची दोन मुले एका प्रौढाबरोबर विनामूल्य जाऊ शकतात. तरीही वरच्यासारख्या तीन टप्प्यांच्या प्रवासाला पास घेणे म्हणजे दोन थांब्यांसाठी महिन्याचा पास काढण्यासारखे आहे. रोज उठून गाडीत बसणाऱ्याला, आयत्या वेळी वाट बदलणाऱ्याला किंवा स्वित्झर्लंडसारख्या महागड्या देशात खूप फिरणाऱ्याला तो परवडतो. पास असूनही सक्तीच्या आसनाचे पैसे वेगळे द्यावे लागतात हेही हिशेबात धरावे.

गाडी बदलायची असेल तेथे संपूर्ण प्रवासाचे एकच तिकीट घ्यावे. पहिल्या गाडीला उशीर होऊन दुसरी चुकली तर एका तिकिटावर पुढच्या गाडीने जाता येते; दोन सुटी तिकिटे असतील तर दुसऱ्याची जबाबदारी कोणी घेत नाही. युरोपीय संघाच्या नियमानुसार गाडी एक तास ते दोन तासांपर्यंत उशिरा पोहोचल्यास भाड्याचा चौथा हिस्सा आणि दोन तास किंवा अधिक उशीर झाल्यास निम्मे भाडे मागता येते. मात्र अतिवृष्टीसारखी आपत्ती त्यातून वगळलेली आहे. युरोपात गाड्या घड्याळाच्या काट्यावर चालतात हा आपला समज स्वित्झर्लंडपुरता बराचसा खरा आहे. जर्मनीत २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी अवघ्या ६२.५ टक्के वेळेवर धरल्या गेल्या, आणि तिथे सहा मिनिटांच्या आतला उशीर वेळेतच मोजतात. जर्मनीतून गाडी बदलणार असाल तर दोन गाड्यांमध्ये किमान पाऊण तास ठेवावा.

स्थानकांची नावे हा स्वतंत्र विषय आहे. सावंतवाडी रोडला उतरलेला नवखा माणूस गाव शोधत राहतो, तसाच प्रकार तिकडे उलट्या कारणाने घडतो, कारण तिथे एका शहरात चार स्थानके असतात. प्रागचे मुख्य स्थानक ‘ह्लावनी नाद्राझी’, व्हिएन्नाचे ‘हाउप्टबानहोफ’. बुडापेस्टमध्ये केलेती म्हणजे पूर्व, न्युगाती म्हणजे पश्चिम आणि देली म्हणजे दक्षिण स्थानक, म्हणून तिकिटावर नेमके कोणते आहे ते पाहून मगच खोली निवडावी. ब्रातिस्लाव्हात डॅन्यूबच्या दोन काठांना दोन स्थानके आहेत. व्हिएन्नाची गाडी दक्षिणेच्या पेत्रझाल्काला नेऊन सोडत असेल तर बुडापेस्टची गाडी पकडायला मुख्य स्थानकावर जावे लागेल. शहरांची नावेही भाषेगणिक बदलतात. व्हिएन्ना जर्मनमध्ये वीन आहे आणि हंगेरियनमध्ये चक्क बेच. ही नावे वहीत आधीच लिहून ठेवावीत.

फलाटावर हमाल नाहीत, पुष्कळ ठिकाणी गाडीचे दार बटण दाबल्याशिवाय उघडत नाही आणि गाडी दोन-तीन मिनिटेच थांबते. आपली बॅग आपल्याला एका दमात उचलून दोन पायऱ्या चढवता आली पाहिजे, एवढीच सामानाची खरी मर्यादा. काही गाड्यांचे डबे वाटेत तुटून वेगवेगळ्या दिशांना जातात, तेव्हा डब्यावरचे गंतव्य स्थानक वाचूनच बसावे. शेंगेनच्या अंतर्गत सीमांवर सध्या काही देश तात्पुरती तपासणी करतात, म्हणून पासपोर्ट बॅगेत न ठेवता अंगावर ठेवावा. प्राग आणि बुडापेस्टच्या मेट्रोचे कागदी तिकीट प्रवासाआधी यंत्रात ठसा मारून घ्यावे लागते. ठसा नसलेले तिकीट तपासनिसाच्या लेखी विनातिकीटच.

व्हिएन्नाहून बुडापेस्टला थेट गाडी आहे आणि बहुतेक जण तिनेच जातात. मी मात्र सामानासह सकाळी ब्रातिस्लाव्हाला जाऊन, बॅगा लॉकरमध्ये ठेवून, जुने गाव पाहून दुपारची बुडापेस्ट गाडी पकडावी असे म्हणेन. थेट मार्ग सपाट शेतांतून जातो, तर ब्रातिस्लाव्हाचा मार्ग शेवटच्या टप्प्यात डॅन्यूबच्या काठाने वळतो. जाताना उजव्या खिडकीची जागा धरावी. आधी पलीकडच्या काठावर एस्तेरगोमच्या बॅसिलिकेचा घुमट दिसतो आणि नंतर विशेग्रादचा डोंगरी किल्ला. कोकण रेल्वेवरचा पानवलचा उंच पूल येण्याआधी जाणकार प्रवासी दाराशी येऊन उभे राहतात, तसे इथे करावे.

चलने तीन लागतात: चेक कोरुना, ऑस्ट्रिया व स्लोव्हाकियात युरो आणि हंगेरीत फोरिंट. कार्ड सर्वत्र चालते, तेव्हा कोरुना आणि फोरिंट हाताखर्चापुरतेच काढावेत. ऑस्ट्रियात रविवारी दुकाने बंद असतात, पण मोठ्या स्थानकांतली उघडी असतात.

खाण्याचे पदार्थ नेताना मांस आणि दुधाचे पदार्थ सामानात ठेवू नयेत, ते युरोपीय संघात आणण्यास बंदी आहे. ताजी फळे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत, म्हणून हापूसची पेटी नातेवाइकांना नेण्याचा मोह टाळावा. २०१४ मध्ये तर फळमाशीमुळे हापूसच्या आयातीवरच तिकडे बंदी आली होती आणि ती पुढच्या वर्षी उठली. प्रमाणपत्राच्या नियमातून जी मोजकी फळे सुटलेली आहेत त्यांत नारळ आहे! आंबापोळी आणि फणसपोळी मी निर्धास्तपणे नेतो.

शेवटी आपला स्वतःचा टप्पा, जो आखणीत हमखास विसरला जातो. विमान मुंबईहून आहे आणि आपण कुडाळात किंवा चिपळुणात आहोत. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्या सावकाश धावतात. जुलै २०२४ मध्ये खेडजवळ दिवाणखवटी येथे दरड कोसळून वाहतूक बंद पडली होती. विमान ज्या दिवशी आहे त्याच्या आदल्या दिवशी सकाळी मुंबईत पोहोचेल अशी गाडी धरावी, म्हणजे ती चुकली तरी रस्त्याने येण्यास वेळ उरतो. परतीचे विमान मध्यरात्रीनंतर उतरत असेल तर कॅलेंडरवरची तारीख बदललेली असते, आणि साठ दिवस आधी परतीचे आरक्षण काढताना नेमकी एका दिवसाची गल्लत होते. माझी एकदा झाली होती. त्या रात्री आम्ही पनवेलला मुक्काम केला.