रीफ टाकीसाठी मासे निवडताना या चुका टाळा

रीफ टाकीत, म्हणजे कोरल (प्रवाळ) असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, पाण्याच्या सगळ्या चाचण्या ठीक येताहेत, अमोनिया शून्य आहे, खारेपणा बरोबर आहे, तरीही नवा मासा कोपऱ्यात दबून बसतो, खात नाही आणि आठवड्याभरात दिसेनासा होतो. अशा वेळी औषधाची बाटली शोधण्याआधी दोन गोष्टी तपासा. टाकीत कोणकोण आहे, आणि कोण कोणाच्या आधी आलं? प्रवाळात राहणारे बरेचसे मासे जागेवर हक्क सांगून जगतात. समुद्रात हरलेला मासा पुढच्या खडकाकडे निघून जातो. टाकीत पुढे काच असते. खालच्या बऱ्याचशा चुका या काचेचा विसर पडल्यामुळे होतात.

‘रीफ सेफ’ वाचून मासा घेणं

‘रीफ सेफ’ या शिक्क्याचा अर्थ इतकाच की हा मासा सहसा कोरलला तोंड लावत नाही. तो शेजाऱ्यांशी कसा वागेल, याबद्दल शिक्का काहीच सांगत नाही. लायनफिश कोरलकडे ढुंकूनही पाहत नाही, पण तोंडात मावेल तो प्रत्येक मासा आणि कोळंबी गिळतो. फ्लेम हॉकफिश रुबाबात खडकावर बसून असतो. क्लीनर श्रिम्प या कोळंबीने कात टाकली आणि तिचं कवच मऊ पडलं की त्याच रात्री ती त्याच्या पोटात गायब होऊ शकते.

उलट उदाहरणंही आहेत. फ्लेम एंजल किंवा कोरल ब्यूटी ठीकठाक आकाराच्या टाकीत बहुतेकांशी जमवून घेतात, पण झोआंथिड (प्रवाळासारखे मऊ जीव), मांसल एलपीएस कोरल (मोठ्या पॉलिपचं कडक कोरल; पॉलिप म्हणजे कोरलचा एकेक छोटा जीव) आणि शिंपल्याची रंगीत कड टोचून खायची सवय त्यांना कधी लागेल सांगता येत नाही. एखादा एंजल वर्षभर सभ्य राहतो आणि मग एका आठवड्यात चार वसाहती बंद पाडतो. जपायचं कोरल टाकीत असेल तर हे ड्वार्फ (लहान जातीचे) एंजल घेऊ नयेत, हे आमचं स्पष्ट मत. बटरफ्लायफिशच्या अनेक जाती तर कोरलचे पॉलिप खातात. कॉपरबँड त्यातल्या त्यात बरा, आणि एप्टेशियाही (टाकीत फोफावणारं उपद्रवी ॲनिमोनी) खातो, पण त्याबरोबर नळीत राहणारे शोभेचे किडेही फस्त करतो. शिवाय गोठवलेलं खाणं तो स्वीकारेलच असं नाही.

म्हणून दुकानात प्रश्न एक नाही, तीन विचारा. कोरल खातो का? कोळंबी, खेकडे, गोगलगायी खातो का? इतर माशांना, विशेषतः स्वतःसारख्या दिसणाऱ्यांना, त्रास देतो का?

टाकीचे लिटर मोजणं, लांबी न मोजणं

९० × ४५ × ५० सेंटिमीटरची टाकी गणिताने सुमारे २०२ लिटरची होते. खडक, वाळू आणि वरची मोकळी पट्टी वजा केली की प्रत्यक्ष पाणी १६०-१७० लिटरच उरतं. पण माशाला लिटर कळत नाहीत, त्याला पोहायला सरळ जागा लागते. यलो टँग २० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. त्याला किमान १२० सेंटिमीटर लांबीची टाकी हवी. ब्लू टँग ३० सेंटिमीटरच्या आसपास जातो, त्याला १८० सेंटिमीटरपेक्षा कमी लांबी देणं अन्याय आहे. दुकानात तो बोटाएवढा असतो, तिथेच घोटाळा होतो.

‘लहान आहे तोवर ठेवू, मोठा झाला की देऊन टाकू’ हा बेत कागदावर छान दिसतो. प्रत्यक्षात रीफ टाकीतून टँग पकडायचा म्हणजे कोरल चिकटवलेले सगळे खडक बाहेर काढायचे. आणि जागा अपुरी पडलेला टँग चिडका होतो. शेपटीच्या मुळाशी त्याला धारदार काटा असतो, तो शेजाऱ्यांच्या अंगावर ओरखडे काढतो.

सारखे दिसणारे मासे एकत्र ठेवणं

माशाला सगळ्यात मोठा शत्रू वाटतो तो त्याच्याच आकाराचा, त्याच रंगाचा आणि तेच खाणारा दुसरा मासा. यलो, पर्पल, स्कोपस आणि सेलफिन हे चारही टँग एकाच कुळातले. लहान टाकीत यांतला एकच ठेवावा.

रॉयल ग्रामा आणि रॉयल डॉटीबॅक यांची गल्लत तर नेहमीची. दोघंही पुढून जांभळे आणि मागून पिवळे. ग्रामाचा जांभळा रंग हळूहळू पिवळ्यात मिसळतो, डोळ्यातून एक गडद रेघ जाते आणि पाठीच्या पराच्या पुढच्या टोकाला काळा ठिपका असतो. डॉटीबॅकचे दोन रंग पट्टीने आखल्यासारखे वेगळे असतात आणि तो ठिपका नसतो. ग्रामा आपल्या कपारीपुरता तोंड वासून दरडावतो आणि गप्प बसतो. डॉटीबॅक अख्खी टाकी आपली समजतो. दोघांना एकत्र आणलंत तर ग्रामा टिकणार नाही.

क्लाउनफिशचं प्रकरण वेगळं. हे मासे आधी नर असतात. गटातला सर्वांत मोठा आणि दांडगा मासा मादी होतो, त्याच्या खालोखालचा नर राहतो, बाकीचे वाढच रोखून धरतात. त्यामुळे जोडी हवी असेल तर आकारात उघड फरक असलेली दोन लहान पिल्लं एकदम घ्या. दोन मोठ्या माद्या एकत्र आल्या तर मारामारी मरेपर्यंत चालते. नर थरथरून आडवा होत असेल तर घाबरू नका, ती शरणागतीची खूण आहे आणि जोडी जमत असल्याचं लक्षण आहे. चार-पाच क्लाउन पुढे दोनच उरतात. दोन वेगवेगळ्या जातींचे क्लाउन एकत्र करू नयेत, मरून क्लाउन तर मुळीच नको.

बँगाई कार्डिनलही सिद्ध झालेली जोडीच घ्यावी, कारण दोन नर एकमेकांना टिकू देत नाहीत. ग्रीन क्रोमिसचा थवा दुकानात सुंदर दिसतो. घरच्या टाकीत सर्वांत दुबळ्याला बाकीचे छळतात, तो गेला की पुढच्याचा नंबर.

दांडगा मासा आधी सोडणं

निवड अचूक असूनही बेत फसतो तो इथे. आधी आलेला मासा टाकीचा मालक होतो. म्हणून भित्रे आधी, मधले नंतर, हक्क गाजवणारे शेवटी.

वरच्याच २०० लिटरच्या टाकीचं उदाहरण घेऊ. पहिल्या खेपेला एक फायरफिश, आणि पिस्टल श्रिम्पबरोबर यलो वॉचमन गोबी. कोळंबी बीळ खणते, तिला नीट दिसत नाही; गोबी दारात पहारा देतो आणि धोका दिसला की शेपूट हलवून तिला इशारा देतो. या जोडीसाठी खडक थेट काचेवर टेकलेले हवेत. वाळूवर ठेवलेला खडक खालून पोखरला जातो आणि कोसळतो. दुसऱ्या खेपेला टेलस्पॉट ब्लेनी. तिसऱ्याला रॉयल ग्रामा. शेवटी ऑसेलॅरिस क्लाउनची जोडी. झाले सहा मासे, या टाकीला तेवढे पुरे. सिक्सलाइन रॅसचा मोह इथे टाळा. सुरुवातीला तो खेळकर वाटतो, स्थिरावला की फायरफिशला दिवसभर पळवतो.

दोन खेपांत किमान दोन-तीन आठवडे जाऊ द्या. फिल्टरच्या जिवाणूंना वाढलेला भार पेलायला वेळ लागतो आणि आधीच्या माशाला आपली कपार नक्की करता येते.

नवा मासा सोडताना दिवे बंद करा आणि जुन्यांना टाकीच्या दुसऱ्या टोकाला खाऊ घाला. शंका असेल तर भोकं पाडलेली पारदर्शक ॲक्रिलिकची पेटी आत टांगून नव्या माशाला तीन ते सात दिवस तिच्यात ठेवा. जुना मासा पहिल्या दिवशी पेटीवर धडका मारेलच. चौथ्या दिवशीही मारत असेल तर पेटी उघडू नका. टँगसाठी बाहेरच्या काचेला आरसा लावून ठेवायची युक्ती चालते, तो नव्याला सोडून स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडत बसतो. कोरल चिकटवलेलं नसेल तर दोन-तीन खडकांची जागा बदला, म्हणजे जुन्या मालकालाही घर नव्याने शोधावं लागतं.

डॅमसेल सोडून टाकी ‘सायकल’ करणं

‘सायकल’ म्हणजे नव्या टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू वाढवणं. डॅमसेल हे छोटे मासे अमोनियातही तग धरतात, म्हणून हा सल्ला अजून दिला जातो. तग धरलेला तो डॅमसेल मग टाकीचा पहिला मालक होतो आणि थ्री-स्ट्राइप किंवा डॉमिनो असेल तर मागून येणाऱ्या प्रत्येकाला चावतो. मासा न वापरता अमोनियम क्लोराइडने अमोनिया २ पीपीएमपर्यंत (लिटरमागे २ मिलिग्रॅम) न्या. चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊ लागले की टाकी तयार.

काय खातो ते न पाहता आणणं

मँडरिन हा मासा याचा ठळक बळी. तो दिवसभर खडकावरचे कोपेपॉड (अगदी सूक्ष्म कवचधारी जीव) टिपत फिरतो आणि दाणे किंवा गोठवलेलं खाणं क्वचितच घेतो. नव्या टाकीत कोपेपॉड काही आठवड्यांत संपतात, मग मासा रंग शाबूत ठेवून आतून खंगतो. टाकी जुनी, लाइव्ह रॉकने (सूक्ष्मजीव वसलेल्या खडकांनी) भरलेली आणि शक्यतो संपमध्ये (टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीत) शैवालाची पेटी असलेली हवी. तेच कोपेपॉड खाणारा सिक्सलाइन रॅस शेजारी असेल तर मँडरिन आणूच नका.

क्लीनर रॅस इतर माशांच्या अंगावरचे परजीवी आणि चिकट आवरण खातो. निरोगी पाच-सहा माशांवर त्याचं पोट भरत नाही. अँथियासना दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं खाणं लागतं, ते जमणार नसेल तर त्यांचा नाद सोडावा. टँगला रोज नोरी (वाळवलेलं समुद्री शैवाल) मिळाली की त्याची चिडचिड पुष्कळ कमी होते.

घेण्याआधी विक्रेत्याला तुमच्यासमोर मासा खाऊ घालायला सांगा. पाठीचा वरचा भाग भरलेला हवा. डोक्यामागे खळगा किंवा पोट आत गेलेलं दिसलं तर किती का सुंदर असेना, सोडून द्या.

थेट मुख्य टाकीत सोडणं

क्वारंटाइनला, म्हणजे नवा मासा काही आठवडे वेगळा ठेवायला, ४०-७५ लिटरची साधी टाकी, स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे पुरतात. खडक आणि वाळू नको, ते औषधातलं तांबं शोषून घेतात. मुदत किमान चार आठवडे.

आधी विक्रेत्याच्या पाण्याचं विशिष्ट गुरुत्व (खारेपणाचं माप) रिफ्रॅक्टोमीटरने मोजा. परजीवींना आळा घालायला अनेक जण ते १.०१९-१.०२० वर ठेवतात, आपली रीफ टाकी १.०२५-१.०२६ वर असते. क्वारंटाइनचं पाणी आधीच विक्रेत्याच्या आकड्यावर आणून ठेवा आणि नंतर रोज ०.००१-०.००२ ने वाढवा.

मासा पिशवीत तासन्‌तास राहिला असेल तर लांबलचक ठिबक पद्धत (टाकीचं पाणी थेंबथेंब मिसळत मासा सरावणं) उलट घातक ठरते. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच खाली जातो, त्यामुळे साठलेला अमोनिया कमी विषारी रूपात असतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. पिशवी १५-२० मिनिटं तरंगवा, तापमान जुळलं की उघडून मासा लगेच क्वारंटाइनमध्ये सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.

अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसले तर क्रिप्टोकॅरिऑन, बारीक भुकटी आणि धापा दिसल्या तर वेल्वेट; दोन्ही परजीवींचे रोग. वेल्वेट दोन-तीन दिवसांत टाकी रिकामी करू शकतो. या दोन्हींवर तांब्याचं औषध चालतं, पण ते फक्त क्वारंटाइनमध्येच. मुख्य टाकीत ते कोरल आणि कोळंब्या मारतं. मुख्य टाकीत क्रिप्टोकॅरिऑन शिरलाच तर सगळे मासे बाहेर काढून ती सुमारे ७६ दिवस माशांविना ठेवावी लागते.

झाकण नसणं

फायरफिश, रॅस, गोबी उड्या मारतात. सुमारे ६ मिलिमीटर भोकांची पारदर्शक जाळी पूर्ण बसवा, वायर आणि पाइपसाठी ठेवलेल्या फटींसकट. ‘मासा गायब’ झाला की टाकीमागची फरशी आणि संप आधी पाहा.

बिघाड ओळखायचा कसा

सगळेच मासे एकदम धापा टाकत असतील तर पाणी, ऑक्सिजन किंवा रोग यांच्याकडे बघा. एकाच माशाचे पर फाटलेले असतील, तो पृष्ठभागाजवळच्या कोपऱ्यात किंवा पंपामागे उभा राहत असेल आणि खाणं पडलं तरी बाहेर येत नसेल, तर त्याला कोणीतरी मारतंय. टाकीपासून लांब बसून अर्धा तास नुसतं बघा, तुम्ही काचेजवळ असलात की मासे भांडण सोडून खाण्याची वाट पाहतात. दिवे गेल्यावर लाल प्रकाशाच्या टॉर्चनेही एकदा पाहा.

बाहेर काढायचा तो मारणारा. मार खाणाऱ्याला काढलंत तर परत आल्यावर तो पुन्हा ‘नवा’ ठरतो आणि दुप्पट मार खातो. जखम खोल असेल तरच त्याला हलवा. दांडगा सापडत नसेल तर पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीचा गळ्याकडचा भाग कापा, तो उलटा करून आत बसवा आणि आत थोडे मायसिस (कोळंबीसारखे छोटे जीव, माशांचं खाणं) ठेवा. आधी दोन-तीन दिवस गळा न बसवता नुसती बाटली टाकीत ठेवून तिच्यातच खाऊ घाला, मासा सरावला की गळा लावा. पकडलेल्याला ७-१० दिवस क्वारंटाइनमध्ये ठेवून परत सोडा. तोवर बाकीच्यांनी जागा वाटून घेतलेल्या असतात आणि आता पाहुणा तो असतो.

दोनदा करूनही फरक पडला नाही तर मासा विक्रेत्याला परत द्या किंवा मोठी टाकी असणाऱ्याला द्या. समुद्रात मात्र सोडू नका. हिंदी-प्रशांत महासागरातले लायनफिश आज अटलांटिकच्या पश्चिम भागात आणि कॅरिबियनमध्ये तिथल्या माशांचा फडशा पाडताहेत, आणि ते तिथे पोहोचले ते बहुधा टाकीतून सोडलेल्या माशांमुळेच.