भिंतीचा अर्थ लावण्याआधी भिंत पाहावी

अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्ट यांची ‘मेंडिंग वॉल’ (भिंतीची डागडुजी) ही कविता १९१४ साली ‘नॉर्थ ऑफ बोस्टन’ या संग्रहात आली. ती वाचताना अनेक जण पहिल्या ओळीलाच भिंतीला ‘दुराव्याचे प्रतीक’ ठरवून मोकळे होतात. ती घाई टाळावी आणि प्रतिमा आधी वस्तू म्हणून न्याहाळावी. ही भिंत म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड या भागातल्या शेतांच्या हद्दीवर धोंड्यावर धोंडा ठेवून रचलेला गडगा आहे. हिवाळ्यात जमिनीतले पाणी गोठून माती फुगते, वरचे धोंडे घरंगळतात आणि दोन माणसे जोडीने जातील एवढे खिंडार पडते. इंग्रजीत ‘फ्रॉस्ट’ म्हणजे गोठवणारी थंडी, तेव्हा भिंत पाडणारी शक्ती कवीच्याच नावाची आहे. अर्थात या योगायोगावर फार मोठा डोलारा उभारू नये.

पुढे निवेदकाचे बोलणे आणि त्याची कृती वेगवेगळ्या रकान्यांत लिहून काढावी. भिंतीची गरजच काय, असे विचारणारा हा गृहस्थ दरवर्षी स्वतःच शेजाऱ्याला भिंत दुरुस्त करायला येण्याचा निरोप धाडतो, आणि शिकाऱ्यांनी पाडलेले दगडही त्यानेच मागाहून रचलेले असतात. हे नजरेतून सुटले, तर कविता निव्वळ भिंतविरोधी भाषण वाटते.

दगडांच्या प्रतिमांपाशी मात्र रेंगाळावे. काही दगड पावासारखे, काही जवळजवळ चेंडूसारखे गोल आहेत. ते तोलून ठेवायला मंत्र घालावा लागतो, आणि तो मंत्र तरी काय, तर आम्ही पाठ फिरवेपर्यंत जागचे हलू नका! दुरुस्ती टिकणार नाही हे दोघांनाही ठाऊक आहे, तरी भिंतीच्या दोन बाजूंनी ते बरोबरीने चालतात. वर्षातून एकदा जे काम त्यांना एकत्र आणते, तेच त्यांच्यामध्ये भिंत उभी करते.

शेवटी दोन्ही हातांत दगड घेतलेला शेजारी अश्मयुगातल्या रानटी माणसासारखा, अंधारात वावरणारा दिसतो. इथे ही प्रतिमा कोणाच्या डोळ्यांतली, हे विचारावे. शेजारी स्वतः वडिलांकडून आलेले एकच वाक्य दोनदा बोलतो: कुंपण चांगले तर शेजारी चांगले. कवितेची अखेरची ओळ त्याचीच आहे. ती त्याच्या आवाजात मोठ्याने वाचावी आणि मगच त्याला रानटी म्हणायचे की नाही, ते ठरवावे.