गॅरेजमधला प्लग तापत होता, तेव्हा

इलेक्ट्रिक गाडी आली त्याच रात्री गॅरेजमधल्या जुन्या सॉकेटला चार्जर लावला. तीन तासांनी प्लगला हात लावला तर चटकाच बसला. मेन बंद करून सॉकेट उघडलं. न्यूट्रलचा स्क्रू ढिला, वायरीचं आवरण तपकिरी पडलेलं आणि वायर जेमतेम १.५ चौरस मिलिमीटरची. वर त्याच लाइनवर पाण्याचा पंप! मिक्सर दोन मिनिटं चालतो, गाडी मात्र रात्रभर सलग करंट ओढते. ढिला जोड तापणारच.

इलेक्ट्रिशियनकडून मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन ओढून घेतली. ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, ३२ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की लाइन तोडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा). अर्थिंगही मोजून घेतलं, ते कृपा करून टाळू नका. गाडीचा पोर्ट पुढे डावीकडे आहे, म्हणून चार्जर त्याच भिंतीवर बसवला.

करंट १६ अँपिअरवरच ठेवलाय. २३० व्होल्टला साधारण ३.७ किलोवॉट, म्हणजे आठ तासांत २९ युनिट. रोजच्या फिरण्याला भरपूर, आणि गीझर लावला तरी मेन ट्रिप होत नाही. परवा पहाटे उठून प्लग चाचपला, जेमतेम कोमट होता.