नागपूरच्या हवेत स्वयंपाकघराच्या कपाटांसाठी बोर्ड कसा निवडावा

नागपुरात बोर्ड खराब होतो तो केवळ पावसाने नव्हे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना कोरड्या हवेने लाकूड आक्रसते, त्याच दिवसांत खिडकीतला कूलर घरात ओली हवा सोडत असतो आणि जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत हवा दमटच राहते. या आक्रसण्या-फुगण्यात जोड सैल होतात आणि उघड्या कडांतून ओल शिरते. म्हणून सगळीकडे एकच बोर्ड लावण्याऐवजी जागा पाहून निवड करावी.

सिंकखालच्या व ओट्याखालच्या कपाटांसाठी आयएस ७१० या भारतीय मानकाचे (मरीन प्लाय), १८ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड घ्यावे. त्याचे थर फिनॉल फॉर्माल्डिहाइड राळेने चिकटवलेले असतात आणि त्याचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. दुकानात ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो, त्यामुळे शीटवर आयएसआय चिन्ह, मानकाचा क्रमांक आणि परवाना क्रमांक हे तिन्ही पाहावेत. शंका असल्यास एक तुकडा मागून आणावा व घरीच दिवसभर उकळावा. थर सुटले, तर तो माल परत करावा. ‘एमआर’ (मॉइश्चर रेझिस्टंट) म्हणून मिळणारे प्लाय फक्त दमटपणा सोसते, पाणी नव्हे. ते बेडरूमच्या कपाटाला ठीक.

पार्टिकल बोर्ड (लाकडाचे बारीक कण दाबून केलेला) आणि साधा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला) एकदा फुगला की पूर्ववत होत नाही, म्हणून ओट्याखाली तो नकोच. एचडीएचएमआर, म्हणजे दमटपणा अधिक सोसणारा जास्त घनतेचा दाबीव बोर्ड, सपाट व घट्ट असल्याने वरच्या कपाटांच्या शटरला (दाराला) चांगला, मात्र साचलेले पाणी त्यालाही मानवत नाही. पीव्हीसी (प्लास्टिकचा) बोर्ड पाण्याला भीत नाही, पण शेगडीजवळच्या उष्णतेने वाकू शकतो.

माझ्या मते बोर्डाच्या दर्जाइतकेच महत्त्व कडांना आहे, आणि नेमके तिथेच काम उरकले जाते. भिंतीकडची न दिसणारी कड आणि सिंकच्या पाइपसाठी पाडलेले भोक, दोन्ही सील करून घ्यावीत. शटरला दोन्ही बाजूंनी लॅमिनेट लावावे, कारण एकाच बाजूला लावल्यास ते वाकते. कपाटे जमिनीपासून चार इंच उंच पायांवर ठेवावीत, म्हणजे फरशी पुसताना पाणी लागत नाही. सिंकच्या अगदी खाली मात्र बोर्डाचा हट्ट सोडून जुन्या घरांतल्यासारखी कडप्प्याची फळी बसवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.