लोकसभेच्या निकालाला आव्हान: निवडणूक याचिकेचे पहिले ४५ दिवस

निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने निकाल जाहीर केला, की त्यापुढच्या ४५ दिवसांत निवडणूक याचिका उच्च न्यायालयात दाखल झालीच पाहिजे. २०२४ चा निकाल ४ जूनला लागला, त्यावरची मुदत १९ जुलैला संपली. आजारपण आले, वकील बदलला, कागद उशिरा हाती आले, यातले कोणतेही कारण चालत नाही. दिवाणी प्रकरणांत उशीर माफ करून घेता येतो तसा इथे करून घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ सालीच स्पष्ट केले आहे. दुसरी वाटही नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३२९(ब) नुसार निवडणुकीला फक्त याचिकेनेच आव्हान देता येते. छाननीत अर्ज चुकीने बाद झाला असला, तरी निकाल लागेपर्यंत थांबावे लागते.

याचिका त्या निवडणुकीतला कोणताही उमेदवार करू शकतो, आणि तिथे मतदानाचा हक्क असलेला कोणताही मतदारही. त्याने प्रत्यक्ष मत दिले होते की नाही, हे कोणी विचारत नाही.

पहिले काम म्हणजे लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १०० मधले आपले नेमके कारण ठरवणे. विजयी उमेदवार निवडणुकीच्या तारखेला पात्र नव्हता किंवा अपात्र होता, एवढे सिद्ध झाले तरी निवडणूक रद्द होते. मतांवर किती परिणाम झाला हे दाखवावे लागत नाही. एखाद्याचा अर्ज चुकीने फेटाळला गेला असेल, तरी तसेच. मात्र चुकीने स्वीकारलेल्या अर्जाचा मुद्दा असेल, तर निकालावर ठोस परिणाम झाल्याचे सिद्ध करावे लागते. तो अर्ज खुद्द विजयी उमेदवाराचाच असेल, तर परिणाम वेगळा सिद्ध करण्याची गरज नाही.

पात्रतेचे प्रकरण कागदावर उभे राहते, म्हणून नव्या याचिकाकर्त्याने शक्य असेल तिथे यालाच प्राधान्य द्यावे. वय २५ पूर्ण आहे का, नाव देशातल्या एखाद्या मतदारसंघाच्या यादीत आहे का, लाभाचे पद किंवा सरकारी कंत्राट चालू आहे का, दोन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा झाली आहे का, राखीव जागेवर जातीचा दाखला वैध आहे का, हे तपासा. उमेदवाराने अर्जासोबत दिलेल्या नमुना २६ मधल्या प्रतिज्ञापत्राची प्रमाणित प्रत काढून ती सातबारा, कंपनी नोंदी आणि थकबाकीच्या नोंदींशी ताडून पाहा. २००४ च्या अंबरनाथ विधानसभा निवडणुकीत किसन कथोरे यांनी पत्नीच्या नावची मालमत्ता आणि विजेची थकबाकी लपवल्यावरून त्यांची निवड रद्द झाली, आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. पण प्रत्येक किरकोळ वस्तू न दाखवल्याने निवड जात नाही, असे त्याच न्यायालयाने २०२४ मध्ये कारिखो क्री प्रकरणात सांगितले. लपवलेली गोष्ट मतदाराच्या दृष्टीने महत्त्वाची का, हे याचिकेत लिहावेच लागते.

लाचेचे प्रकरण फार कठीण. कलम १२३(१) प्रमाणे देऊ करणे किंवा कबूल करणेही लाचच आहे, त्यासाठी पैसे हातात पडायला हवेत असे नाही. (पक्षाच्या जाहीरनाम्यातली आश्वासने मात्र यात येत नाहीत, २०१३ चा सुब्रमण्यम बालाजी निकाल वाचून ठेवा.) अडचण येते ती संमतीची. पैसे उमेदवाराने, त्याच्या निवडणूक प्रतिनिधीने किंवा यांपैकी एकाच्या संमतीने दिले, हे दाखवता आले तर निवड रद्द होते. संमती सिद्ध झाली नाही, तर वाटणारा उमेदवाराच्या हितासाठी काम करणारा त्याचा हस्तक होता हे आणि निकालावरचा परिणाम, दोन्ही सिद्ध करावे लागतात. पन्नास हजारांच्या मताधिक्यापुढे ते जवळपास अशक्य आहे.

म्हणून ‘वस्तीत पैसे वाटले’ असे लिहून काही साधत नाही. कोणी, कोणाला, कोणत्या तारखेला, कुठे, किती दिले आणि संमती कशावरून दिसते, हे सगळे लिहा. १९६७ मध्ये दक्षिण मुंबईतून जॉर्ज फर्नांडिस निवडून आले, त्यावरच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने हा नियम घालून दिला: तपशील नंतर वाढवता येतो, पण मूळ याचिकेत नसलेले नवे भ्रष्ट आचरण (लाचेसारखा कायद्याने ठरवलेला गैरप्रकार) मुदतीनंतर घुसवता येत नाही.

पुरावा फौजदारी खटल्याइतकाच भक्कम लागतो. भरारी पथकाचा पंचनामा आणि गुन्ह्याची प्रथम खबर यांच्या प्रमाणित प्रती घ्याच, पण प्रथम खबर हा स्वतःहून पुरावा नव्हे. पंच आणि पैसे घेणारा मतदार साक्षीला उभे राहिले पाहिजेत. पैसे घेतल्याचे कबूल करायला लोक घाबरतात. त्यांना कलम ९५ समजावून सांगा: खरी उत्तरे देणाऱ्या साक्षीदाराला न्यायालयाकडून संरक्षणाचे प्रमाणपत्र मिळते. व्हिडिओसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र हवे. जालन्याच्या अर्जुन खोतकर प्रकरणात (२०२०) तेव्हाच्या पुरावा कायद्यातले असेच प्रमाणपत्र सक्तीचे ठरले. सरकारी कार्यालय ते देत नसेल, तर लेखी मागणीची पोच जपून ठेवा आणि न्यायालयाकडे आदेश मागा.

दाखल करताना चुका होतात त्या इथे. जितके प्रतिवादी तितक्या प्रती, आणि प्रत्येक प्रतीवर ‘सत्यप्रत’ म्हणून याचिकाकर्त्याची स्वतःची सही. फक्त निवड रद्द करून हवी असेल, तर विजयी उमेदवार आणि ज्या उमेदवारावर भ्रष्ट आचरणाचा आरोप आहे तो, एवढे प्रतिवादी पुरतात. स्वतःला विजयी घोषित करून हवे असेल, तर लढलेले सगळे उमेदवार जोडावे लागतात. उच्च न्यायालयात २,००० रुपये अनामत भरा. या बाबी चुकल्या तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८६ प्रमाणे याचिका फेटाळण्यावाचून न्यायालयाला पर्याय नाही. भ्रष्ट आचरणाचा आरोप असल्यास नमुना २५ मधले प्रतिज्ञापत्र जोडा. त्यातली चूक बहुधा दुरुस्त करता येते, पण त्यावर महिने जातात. याचिका वकिलाच्या हाती पाठवू नका, स्वतः जाऊन सादर करा. केवळ या कारणावरून याचिका गेलेली आहे.

सुनावणी सहा महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो. २०१९ च्या निवडणुकीतल्या तेनी (तमिळनाडू) आणि हासन (कर्नाटक) या मतदारसंघांवरच्या याचिकांचे निकाल मात्र उच्च न्यायालयांनी २०२३ मध्ये दिले, आणि दोन्हींना सर्वोच्च न्यायालयात स्थगिती मिळाली. अपील ३० दिवसांत करायचे असते, म्हणून निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज त्याच दिवशी द्या. आणि मध्येच तडजोड करून याचिका मागे घ्यायचा विचार असेल, तर न्यायालयाच्या परवानगीशिवाय तेही करता येत नाही.