इंग्लंडात नवीन आलात आणि मन लागत नाहीये? आधी जीपी

नवीन आलेल्याला सगळे सांगतात पोहे कुठे मिळतात, सिम कुठलं घ्यायचं. नोव्हेंबरात चारला अंधार पडायला लागला आणि पोरगं गप्प झालं की तीच मंडळी म्हणतात, होतं असं, सवय होईल. नाही होत कधीकधी.

आल्या आठवड्यात जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा, आजारी पडायची वाट बघू नका. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून रिसेप्शनने परत पाठवलं तर शांतपणे सांगा की तो सक्तीचा नाही. व्हिसाबरोबर वर्षाचे १०३५ पौंड हेल्थ सरचार्ज (विद्यार्थ्यांना ७७६) भरलाय ना, मग लाज कसली.

मग एनएचएस (इथली सरकारी आरोग्यसेवा) टॉकिंग थेरपीज गूगल करा, आपल्या भागाची सर्व्हिस निघते, फॉर्म स्वतःच भरायचा, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. (स्कॉटलंड-वेल्सची पद्धत वेगळी.) फुकट आहे, फोनवर किंवा व्हिडिओवर होतं, नाहीतर ऑनलाइन सीबीटीचा (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायची थेरपी) कोर्स देतात. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात, आपली माणसं तिथेही 'मजेत' भरतात! खरं भरा, त्या आकड्यांवरच पुढचं ठरतं. पहिला कॉल लवकर येतो, सेशन्सना महिने लागू शकतात. तोवर जीव नकोसा झाला तर १११ लावून २ दाबा, चोवीस तास चालू. जिवावर बेतलं असेल तर थेट ९९९.

आता जे मी प्रत्येकाला ओरडून सांगतो. इथे 'थेरपिस्ट', 'काउन्सेलर' अशी पाटी कोणीही लावू शकतो, कायदा आड येत नाही. ओळखीतल्या एका मुलीने इन्स्टावरच्या 'माइंडसेट कोच'ला पूर्ण पॅकेज आगाऊ भरलं, जवळजवळ महिन्याचं भाडं, आणि तिसऱ्या सेशनला तो मॅनिफेस्टेशन शिकवत होता. पैसे गेले ते गेलेच. प्रायव्हेट जायचंच तर बीएसीपी या काउन्सेलर लोकांच्या संस्थेच्या रजिस्टरवर नाव बघा, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर एचसीपीसी या कायदेशीर नियामक संस्थेच्या. आणि आगाऊ पॅकेज नाही. नाही म्हणजे नाही.

पुण्यातल्या थेरपिस्टशी व्हिडिओवर मराठीत बोलण्याला मी नावं ठेवणार नाही, सासूबद्दल इंग्रजीत रडता येत नाही. फक्त तिथल्या सकाळी ११ला इथे हिवाळ्यात पहाटेचे साडेपाच असतात, आणि अपरात्री काही झालं तर त्या बाई इथे अँब्युलन्स पाठवू शकत नाहीत.

गणपतीत कोणीतरी सांगेलच, रेकॉर्डवर गेलं की व्हिसाला नडतं. एनएचएसचा उपचार 'पब्लिक फंड्स'मध्ये, म्हणजे व्हिसावर घ्यायला बंदी असलेल्या सरकारी मदतीत, मोडत नाही, आणि ऑफिसला कोणी कळवत नाही. कळतं ते आपल्याच लोकांकडून. शेअरिंगच्या घरात भिंती पातळ आणि पलीकडच्यालाही मराठी येतं, तेव्हा सेशन गाडीत बसून करा.